शेपूट पुढे निघाली

तिला सगळे शेपूट म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हॉस्टेलातले चौघं कुठेही निघाले की ती सगळ्यांच्या मागे. परदेशात शिकायला येऊन वर्ष होत आलं, तरी कॅन्टीनमध्ये पुढच्याच्या ताटात काय आहे ते बघून ती तेच मागायची. वर्गात उत्तर येत असायचं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं. घरी तरी वेगळं काय होतं? शाखा दादाने ठरवली, कॉलेज सरांनी, आणि बॅगेत काय भरायचं ते आईने. इथे मात्र ठरवून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून ती रडकुंडीला आली होती. शेवटी तिने फोनवर सांगून टाकलं, "दादा, मला परत यायचंय."

दादा म्हणाला, "रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की काय ते सांग, मग तिकीट काढतो."

आणि नेमकी आदल्या दिवसाची, शनिवारची सहल तिच्या वाट्याला आली.

आता या मंडळींच्या सहलीची तऱ्हा सांगायला हवी. पहिल्या सहलीत चौघांनी चार फोन काढून प्रत्येक वळणावर इतका वाद घातला होता, की बस निघून गेली. तेव्हा मुकादमाने नियम केला. मुकादम म्हणजे मॅनेजमेंट शिकणारा. स्वतःच्या खोलीतला पसारा तेवढा सोडून सगळ्या जगाची व्यवस्था लावायची हौस असलेला. नियम असा, की दर सहलीला एकच जण पुढे. नकाशा त्याचा, निर्णय त्याचा. बाकीच्यांचे फोन पिशवीच्या तळाशी. 'मला वाटतं' एवढंसुद्धा कुणी म्हणायचं नाही. जो तोंड उघडेल, त्याने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात महिनाभर चौघांची भांडी घासायची.

शेपटाने डोंगरापलीकडचं तळं निवडलं. काठावर मुक्कामाला लाकडी झोपडी होती, किल्ली राखणदाराकडे, आणि तो संध्याकाळी किल्ली घेऊन गावात निघून जायचा. शनिवारी बसमधून उतरल्यावर तिने नकाशा उघडला आणि चालायला लागली. मागे तीन माणसं आपल्यामागून येताहेत, हे कळल्यावर तिची मानच ताठ झाली. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. फाटा आला, ती नकाशात डोकं घालून जरा थांबली, मग उजवीकडे वळली. कुणी काही बोललं नाही. म्हणजे बरोबर आहे, असं तिला वाटलं आणि ती आणखी झपझप चढू लागली.

दुपारी ते डोंगराच्या धारेवर पोचले. वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. आणि तळं? तळं होतं की. पार खाली, डाव्या अंगाला, चमकत. वाट मात्र उजवीकडे दुसऱ्याच खोऱ्यात उतरत होती.

तिने मागे वळून पाहिलं. तिघंही आपापल्या बुटांकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"फाट्यावर पाटी होती," डॉक्टर म्हणाला. तो किड्यांचा अभ्यास करायचा, पण ताप आला की सगळे त्याच्याकडेच धावत. "तळं डावीकडे, असं लिहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"महिनाभर भांडी कोण घासणार?"

"नियम म्हणजे नियम," मुकादम म्हणाला.

ताई, म्हणजे नोकरी सोडून शिकायला आलेली आणि सगळ्यांत मोठी, तिने समजुतीचा सूर लावला. "मला वाटलं, तुला वरून काहीतरी दाखवायचं असेल."

शेपटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन शिकलेली माणसं भांड्यांच्या भीतीने डोंगर चढतात? ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली, आणि चांगली ओरडली. मग डॉक्टर हळूच म्हणाला, "फाट्यापर्यंत परत जायचं म्हटलं, तर किल्ली काही मिळत नाही."

ती धारेच्या कडेला गेली. तळ्याच्या बाजूला खडीचा लांबच लांब उतार थेट कुरणापर्यंत गेला होता. तिने मूठभर खडी उचलली. अंगठ्याएवढे खडे, सुटे, कोरडे. वर कुठे मोठा दगड अडकलेला नव्हता, मध्ये कडा नव्हता, खाली गवत. वर्षभर ती प्रयोगशाळेत हेच तर करत होती. काचेच्या पेटीत वाळू आणि खडी भरायची, पेटी कलती करायची आणि कधी काय घसरतं ते बघायचं. तिने एक मोठा धोंडा खाली सोडला आणि तो थांबेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली. तो लवकरच खडीत रुतून बसला. आता तिला भीती वाटत नव्हती. तिला मजा येत होती.

"नियम अजून चालू आहे ना?" तिने विचारलं.

"आहे," मुकादम चाचरत म्हणाला.

"मग कुणी काही बोलायचं नाही. आपण इथून उतरतोय."

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंड त्याने उघडलं नाही.

"एकाच्या वर एक यायचं नाही, बाजूबाजूने उतरायचं. टाच आधी रोवायची. खडी आपल्याबरोबर घसरेल, घसरू द्या. मी पुढे जाते."

आणि ती गेली. पहिल्या पावलाला टाच खडीत घट्ट रुतली. दुसऱ्या पावलाला खडी पायाखालून निघाली आणि तिला घेऊन हातभर खाली गेली. मग ती धावतच सुटली. एकेका ढांगेत मावणार नाही एवढं अंतर जात होतं, कानात खडीचा खळखळाट, बुटांत खडे, डोळ्यांत पाणी. बाजूला ताई हसत सुटली होती. डॉक्टर दोन्ही हात पसरून येत होता. मुकादम एकदा बसलाच आणि बराचसा उतार त्याने बैठकीवरच पार केला. कुरणात चौघं आडवे झाले, धुळीने माखलेले, आणि कितीतरी वेळ कुणाला हसण्यापुढे काही सुचेना.

"पुन्हा वर जायचं?" मुकादमाने विचारलं. त्याची पँट मागून फाटली होती.

किल्ली मिळाली. बाकीचे चुलीपाशी बसून बुटांतले खडे झाडत होते, तेव्हा ती फोन घेऊन झोपडीबाहेरच्या ओट्यावर आली. रविवारची वाट बघायचं काही कारण उरलं नव्हतं.

फोन आईने उचलला. "अगं, तुझी खोली आवरायला घेतलीय. दादाचं सगळं सामान बाहेर काढलं. कधी येतेस?"

आई गेल्या वर्षात इतकी खूश कधी वाटली नव्हती.

"आई, मी येत नाहीये. शिक्षण पुरं करूनच येईन."

"असं कुणी सांगितलं तुला? सरांनी?"

"नाही."

"मग दादाशी बोललीस?"

"कुणीच सांगितलं नाही, आई. माझं मी ठरवलं."

आईने दादाकडे वळून फोन बाजूला धरला असावा, कारण आवाज लांबून आला, रडवेला, पण घरभर ऐकू जाईल एवढा मोठा.

"अरे, ऐकलंस का? ती म्हणतेय, तिने स्वतः ठरवलंय."