जागिरीच्या चौकीतला खोडा

मी एक जुना खोडा हाये, मित्रांनो. नाक दाबू नका, वास येणारच. जल्मभर लोकांचे पाय हुंगत बसलो, मंग अत्तराचा वास कुठून यायचा?

तुमच्यातल्या कित्येकांनी खोडा बघितलाच नसंल. सांगतो. बाभळीच्या दोन जाड फळ्या, एकीवर एक. दोन्हीला अर्ध्या गोल खाचा, मिटल्या की पुरं भोक. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला कडी-कोयंडा. माणसाला भुईवर बसवायचं, पाय भोकात घालायचे, वरची फळी खाली आणायची, कडीत खुंटी ठोकायची. झालं. माणूस अल्याड, त्याचे पाय पल्याड. मुंगी चावली तर हात पोचत न्हाई, कुत्रं चाटलं तर हाकलता येत न्हाई. म्हणून मी तोंडावरून कुणाला ओळखत न्हाई. टाचा दाखवा, सात पिढ्या सांगतो.

माझ्यात पहिले पाय कुणाचे पडले, माहिते? ज्यानं मला घडवला त्या सुताराचे. बिचाऱ्यानं माप बराबर बसलं का बघायला सोताचे पाय घातले, अन् चौकीवाल्यांनी गंमत म्हणून खुंटी ठोकली. दुपार कलेपर्यंत सोडला न्हाई. मी नवा कोरा, अंगाला रंध्याचा वास, अन् पहिल्याच दिवशी मला माणसाची किळस आली. ती आजतागायत गेली न्हाई.

तवा आमच्याकडं हैदराबादचं राज्य व्हतं. सरकारची पोलीस येगळी. निजामाच्या खासगी गावांची पोलीस आणखी येगळी. अन् ज्या जागीरदाराला गावं बहाल केलेली, त्याची त्याची घरची पोलीस तिसरीच. मी त्या तिसऱ्यातला. अंबडच्या अंगाला एका नाल्याच्या काठी आमची चौकी, चार सिपाई अन् वर एक दफेदार. नाव भुजंग. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.

ही पोलीस कशी चालायची बघा. चोर नाला ओलांडून पल्याड पळाला की आमचे सिपाई अल्याडच बूड टेकून बिडी ओढायचे. पल्याड दुसऱ्याची जागीर, दुसऱ्याची चौकी! चोरांना हे तोंडपाठ. पण जागीरदाराला तर कुणी धरलेला दाखवावा लागतो न? मंग नाल्याच्या अल्याड जो गरीब सापडंल तो चोर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी फळीखाली बघितलंय.

एक व्हता आबाराव. मेंढरं राखायचा. भुजंगाला सणाला मेंढा पाहिजे व्हता. फुकट. आबाराव म्हणला, "दफेदारसाहेब, दूध घ्या, लोकर घ्या. मेंढा न्हाई द्यायचा, कळपाचा नर हाये तो."

"मंग तूच बस नर होऊन," भुजंग म्हणला.

आबारावचे पाय माझ्यात आले. लांबलचक पाय, भेगाळलेल्या टाचा, अन् अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून पुढं. ते बोट मी ध्यानात ठेवलं.

मंग ती पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जागिऱ्या बुडाल्या. एक दिवस ट्रक आला, संगं नव्या सरकारचा एक साहेब. साहेबानं आमच्या सिपायांचे जुने पट्टे-बिल्ले एका बारदान्यात भरले अन् नवे वाटले. आता सगळी पोलीस एक! चौकीचं सामान मोजताना साहेबानं मला बुटाच्या टोकानं ढोसलं. "हे काय?"

"खोडा हाये, हुजूर. लई कामाचा," भुजंग म्हणला.

"राहू द्या मंग."

असा मी पण विलीन झालो, मित्रांनो. बिनपरीक्षेचा, बिनभरतीचा.

गावात आबारावनं गूळ वाटला. सगळ्यांच्या हातावर खडा ठेवत फिरला. "बुडाली रे जागिरीची चौकी! भुजंगाचं इख उतरलं!" त्याला वाटलं, पोलीस खालसा झाली म्हंजी पोलीसवाला बी खालसा झाला. भोळं माणूस! बिल्ला बदलला, मिशी तीच व्हती.

भरल्या बाजाराच्या दिवशी भुजंग नव्या कपड्यात त्याच्यापुढं उभा राह्यला. "आबा, आमचा गूळ कुठंय? अन् मेंढा?"

आबाराव हसला. नुसता हसला बघा. "तुमची चौकी तर गेली, दफेदार!"

त्या हसण्यापायी भुजंगानं मला चौकीतून उचलून बाजारात आणून टाकला. आबारावला दिवस मावळंस्तवर बसवला. बाजार भरला, चढला, उतरला. बाया भाजी घेऊन कडंनं जायच्या. आबाराव म्हणला, "लघवीला जायचंय." सगळ्यांनी ऐकलं, कुणी खुंटी काढली न्हाई. मंग जे व्हायचं ते झालं. ती वल माझ्या खालच्या फळीत मुरली. आबाराव पुन्हा त्या बाजाराला कधीच गेला न्हाई. मेंढरं सुदिक दुसऱ्याच्या हातानं इकली.

पुढं आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, मंग महाराष्ट्र झाला, जालना जिल्हा येगळा झाला. दर खेपेला चौकीच्या पाटीवर नवा रंग. शेवटी चौकीच बंद करून तालुक्याच्या ठाण्यात मिसळली. कागदं गेली, खुर्च्या गेल्या, दरवाजा कुणीतरी रातोरात नेला. मला कुणीच न्यायना. इतकी वर्सं सरकारी चाकरी, अन् निवृत्तीला काय मिळालं? गटारीवर पालथा! वरून डुकरं, खालून घाण, मधी मी. खरं सांगू? ज्या लोकांनी मला वापरला, त्यांच्यापेक्षा डुकरं बरी. डुक्कर कुणाचे पाय मोजत न्हाई.

मंग एक दिवस पांढरी गाडी आली. उतरले श्रेणिकशेठ. जालन्याचे व्यापारी, पणजोबा राजस्थानातून आलेले. अंबड रोडवर, अंकुशनगरच्या अलीकडं त्यांनी मोठं हॉटेल टाकलं व्हतं. चुलीवरची भाकर, बैलगाडीची चक्कर, असलं सगळं. मला गटारीवरून काढला, पॉलिश केला अन् पाटी लावली: "राजेशाही न्यायाचं प्रतीक. पाय घाला, फोटो काढा!"

राजेशाही न्याय! मला तर ओकारीच आली असती, पण तोंड न्हाई.

लोक यायचे, बूट काढायचे. त्या मोज्यांचा वास, आईशप्पथ, गटार बरं व्हतं! जिभा काढायचे, बोटं दाखवायचे, खिदळायचे. अन् खाली त्या फळीत आबारावची वल मुरलेली.

एक दिवस हॉटेलात भाकरी थापायला नवी म्हातारी आली. अनवाणी. माझ्याजवळून गेली अन् मी चरकलोच. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून पुढं!

तिचं नाव जयवंताबाई. आबारावची धाकटी लेक. तिनं पाटी वाचली न्हाई, वाचता येतच न्हाई तिला. पण माझ्याकडं बघून बराच येळ उभी राह्यली. आमच्या गावाकडून खोडा आणलाय हे सगळ्यांना ठाऊक व्हतं. ती माझ्यावर थुकली. बराबर खालच्या फळीवर. मला राग आला न्हाई.

तवापासून ती मला वळसा घालून जायची. लांबून पाणी भरायची, पण माझ्याजवळून जायची न्हाई.

अन् एका रईवारी श्रेणिकशेठ तिच्या चुलीपाशी आले, मागं त्यांची पोरगी रूपल. हॉटेलचे व्हिडिओ मोबाइलवर टाकायचं काम रूपलकडं.

"मावशी, आज मुंबईहून जाहिरातवाले येऊन राह्यलेत. तुम्ही जरा खोड्यात बसा. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. अस्सल दिसता तुम्ही!"

"मी न्हाई बसायची."

"अवं, दहा मिनिटाचं काम. गंमत हाये सगळी."

"शेठ, माझा बाप बसल्ता यात. भर बाजारात."

रूपलचे डोळे चमकले. "पप्पा, हे तर लई भारी हाये! आजी, हेच कॅमेऱ्यात सांगा न. बापाची स्टोरी सांगायची अन् मंग पाय घालायचे."

जयवंताबाईनं परातीतला हात काढला. पिठाचा हात तसाच कंबरंवर ठेवला. शेठ कानात बोलल्यासारखं म्हणले, "मावशी, समजून घ्या. हॉटेलात सगळ्यांनी सगळं करावं लागतं. नसंल जमत तर भाकरीला दुसरी बाई बघावी लागंल."

म्हातारीच्या घरात दुसरं कमावतं कुणी न्हाई. हे शेठला माहीत, तिला माहीत, मला बी माहीत. म्हातारीनं चुलीत एक लाकूड सारलं. मंग म्हणाली, "बसते. पण आधी तुमी बसा."

"मी?"

"एवढ्या परातीतल्या पिठाच्या भाकरी होईस्तवर. गंमत वाटली तर मी बसते, म्हणाल तितक्या डाव बसते. न्हाई वाटली तर ह्या मढ्याला इथून काढायचं."

मढं म्हंजी मी. बराबर बोलली.

शेठला वाटलं, हे तर सोपं. बूट-मोजे काढले, पाय घातले, रूपलनं खुंटी ठोकली. आता गंमत ऐका. जाहिरातवाल्यांसाठी पहाटंच मला पाइपानं धुतला व्हता. दोन उन्हाळे कोरडा पडलेलो मी, अंगाला चिरा. अशा लाकडात पाणी मुरलं की काय होतं? फुगतं! मी काही केलं न्हाई बरं का. मी फक्त सरकारी नोकरासारखा जागेवरून हललो न्हाई.

म्हातारी भाकरी थापू लागली. थाप, थाप, थाप. जल्दी अजिबात न्हाई.

पहिल्या भाकरीला शेठ हसत व्हते. दुसऱ्या भाकरीला मांडी बदलायला गेले, बदलंना. तिसऱ्याला लाल मुंग्या. "रूपल, पायावर बघ गं काहीतरी!" रूपलनं कॅमेरा जवळ नेला. मुंगीच्याच जवळ. मुंबईवाले आले. त्यांना वाटलं, कार्यक्रम चालू झाला. पोरंसोरं तळव्याला गवताच्या काड्या लावू लागली.

"बास, काढा आता," शेठ म्हणले.

लोक हसले.

"अरे खरंच काढा!"

लोक जास्त हसले. "काय ॲक्टिंग हाये राव!" कुणी टाळ्या वाजवल्या. रूपल पण हसत व्हती, अन् मंग तिनं खुंटी उपसली. खुंटी निघाली. फळी निघंना. दोघा वेटरांनी जोर लावला, तर शेठ बोंबलले, "पाय मोडता का माझा!" गर्दी वाढली. मोबाइल वर झाले.

शेठचा चेहरा मला दिसत न्हाई, पण पाय दिसतात. सुजलेले, लाल, बोटं आत वळलेली. तसले पाय मी लई बघितले. मंग त्यांचा आवाज बारीक झाला.

"मावशी. मला... जायचंय. बाथरूमला."

थापा थांबल्या. सगळं हॉटेल हसत व्हतं, एकटी जयवंताबाई हसली न्हाई. तिला हे वाक्य माहीत व्हतं. बापानं मरताना सुदिक ह्याच्याबद्दल बोलू दिलं नव्हतं, आईनं सांगितल्तं.

परातीत अजून पीठ उरलं व्हतं. तिनं ते तसंच सोडलं. चुलीजवळची कुऱ्हाड उचलली अन् लोकांना म्हणाली, "व्हा बाजूला. तोंडं फिरवा तिकडं. फिरवा म्हणते! माणूस हाये तो."

तोंडं फिरली. मोबाइल खाली आले.

"शेठ, तोडू का? अस्सल हाये म्हणता न."

"तोडा, मावशी. तोडा!"

पहिला घाव बिजागरीपाशी. दुसरा चिरंत. मित्रांनो, झाडावर कुऱ्हाड पडली तवा मी रडलो व्हतो. आता न्हाई. तिसऱ्या घावाला वरची फळी उभी फाटली अन् श्रेणिकशेठ लंगडत, भिंत धरत, पळत सुटले. पोचले येळेवर. आबारावच्या नशिबात जे नव्हतं ते.

आता तुम्ही म्हणाल, शेठ सुधारले. कशाचं काय! दुसऱ्या दिवशी सकाळीच आले अन् म्हणले, "सुताराला बोलावून जोडून घेऊ. जुना माल हाये, असा परत भेटायचा न्हाई." मला वाटलं, ह्या माणसाच्या अंगात माझ्यापेक्षा घट्ट लाकूड हाये.

पण वरची फळी तवा कुठं व्हती? चुलाणात. पाण्याच्या हंड्याखाली.

"मावशी! हे काय केलं?"

"भाकरीच्या चुलीत न्हाई घातलं, शेठ. भाकरीला वास लागला असता. न्हाणीच्या पाण्याला बरंय." जयवंताबाई घमेल्यात गरम पाणी घेऊन, पाय बुडवून, भिंतीला टेकून बसल्ती. ते लांब बोट पाण्याच्या वर आलेलं. "पीठ उरलं व्हतं, खरंय. पण गंमत वाटली का, तेवढं सांगा."

शेठ एका पायावरून दुसऱ्यावर झाले. उभं राहवत नव्हतं, घोट्याला वळ उठल्ते. म्हातारीनं दुसरं घमेलं पुढं सरकवलं. "बसा. कुणी फोटो काढत न्हाई."

शेठनं इकडंतिकडं बघितलं. मंग मोजे काढले अन् बसले. पाण्यात पाय घातले तसा त्यांच्या तोंडून लहान लेकरासारखा आवाज निघाला. मंग पाण्याकडंच बघत म्हणले, "रूपलला सांगतो, पाटी काढ म्हणून. खालची फळी बी न्या."

खालची फळी म्हंजी मी, जो आता बोलून राह्यलो. भिंतीला टेकून उभा हाये, उद्याचा नंबर माझा.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, सावलीत ठेवा. चरखा म्हणतो, जातं म्हणतं. त्यांना जपा, त्यांचा हक्क हाये. मला जपू नका. मला पॉलिश करू नका, माझ्यावर राजेशाही पाट्या लावू नका. जपायचंच असंल तर आबारावचं नाव जपा, ज्यानं गूळ वाटला.

इतकी वर्सं इतके पाय माझ्यात आले, एकाला बी माझ्यामुळं आराम पडला नव्हता. काल पहिल्यांदा दोघांना पडला. अर्धा मी जळालो तवा. उद्या उरलेला.

पाणी चांगलं तापू द्या. म्हातारीला आंघोळीला लई कडक लागतं.