आर्णीचा गोली

पुंडलिकराव फाटकाशी येऊन उभे राहिले तेव्हा अनघा दारव्ह्यातल्या आपल्या घराच्या अंगणात नळाचं पाणी भरत होती. बादली भरून वाहत होती आणि ती तिच्याकडे पाहत उभी होती.

"वहिनी, बादली भरली," ते म्हणाले.

तिनं नळ बंद केला. "या," म्हणाली आणि खुर्ची ओढून दिली.

पुंडलिकराव दारव्ह्याजवळच्याच एका खेड्यातले. कापूस आणि तूर हे त्यांचं वर्षाचं काम, आणि फुटबॉल हा वर्षाचा नाद. दिवाळीनंतर दारव्ह्यात सामने भरत, त्याच्या महिनाभर आधीपासून ते आणि अनिमेष, अनघाचा नवरा, कोणती टीम कप नेणार यावर भांडायला लागत. अनिमेष भूमी अभिलेखच्या ऑफिसात होता. जन्मात त्यानं बॉलला पाय लावला नव्हता, पण आवाज मोठा होता. लग्नानंतर अनघा कंटाळा जावा म्हणून त्यांच्यासोबत मैदानावर जाऊ लागली, आणि दोन-तीन वर्षांत तिला त्या दोघांपेक्षा जास्त दिसू लागलं. कोण दमलाय, कोणाचा डावा पाय कच्चा आहे, कोणता बॅक मागं वळताना अडखळतो. अनिमेष तिचंच ऐकून चारचौघांत छातीठोक बोलायचा आणि वर सांगायचा, "डोकं हिचं, आवाज माझा."

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तो आर्णीच्या टीमची प्रॅक्टिस पाहायला निघाला होता. रस्त्यात जीप उलटली. जीपमधल्या इतरांना खरचटलं, कोणाचा खांदा मोडला. अनिमेष जागीच गेला. जीप चालवत होता रामलाल, आर्णीचा गोलकीपर. साऱ्या भागात त्याला 'आर्णीचा गोली' म्हणूनच ओळखत.

तेव्हापासून अनघा नगरपरिषदेत जात होती, घरपट्टीच्या पावत्या फाडत होती, येत होती, रात्रभर जागी पडून राहत होती. लोक म्हणत, बाईनं मोठ्या धीरानं घेतलं. तिला धीर वगैरे काही वाटत नव्हतं. कोणी तरी आपल्या आत गादी भरून ठेवलीय आणि कशाचाच आवाज तिच्यापलीकडून येत नाही, असं होतं.

"कापसाची गाडी उभी हाय खरेदी केंद्रावर," पुंडलिकराव म्हणाले. "नंबर काही आज लागत नाही. म्हनलं, जाऊन यावं. सामन्याईचा ड्रॉ निघाला, वहिनी."

त्यांनी ते भीत भीतच सांगितलं. अनघा पायरीवर बसली.

"मुकुटबन आहे का?"

"हाय. पन त्याईचं काही खरं नाही यंदा. चिकनगुनियानं अर्धी टीम आखडली. सेंटर हाफ तं अजून भिंत धरून पायऱ्या चढते म्हनते."

"मग ते लांब थ्रो टाकून खेळतील. पळता येत नसलं की दुसरं काय करणार? एक सामना काढतील."

"दिग्रस?"

"दिग्रसचे दोन्ही बॅक वर जातात. मागं सगळं मोकळं राहतं."

"तेच म्हनतो मी! मंग त्याईले हरवता येते."

"तिथं पळणारा पाहिजे. आपल्या दारव्ह्याकडे स्वानंद एकटा, आणि तो एकटा नव्वद मिनिटं पळत नाही."

पुंडलिकराव हसले, आणि मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काय राहिलंय ते दोघांनाही माहीत होतं.

"आर्णी राहिली," अनघा म्हणाली. "रामलाल खेळतो का?"

"मले नाही माहीत, वहिनी."

"तो खेळला तर आर्णी सेमीफायनलला येते. नाही खेळला तर पहिल्याच सामन्यात जाते."

हे ती घरपट्टीचा आकडा सांगावा तसं बोलली.

"जाऊन पाहू," ती म्हणाली. "रविवारी."

"कायले, वहिनी? कायले त्रास करून घेता?"

"त्रास नाही होत मला," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

रविवारी दोघं एसटीनं आर्णीला गेले. रामलालचं घर गावाबाहेरच्या तांड्यात होतं. त्याची आई मानीबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पुंडलिकरावांनी कोण, कुठले ते सांगितलं तशी तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती उठून आत गेली, बाज आणून टाकली, पाणी आणलं, आणि मागं शेडकडे तोंड करून हाक मारली.

रामलाल आला. उंच, लांब हातांचा, पंचविशीचा पोरगा. जीप चालवणं त्यानं सोडलं होतं, व्यापाऱ्याकडं कापूस भरायला जात होता. केसांत कापसाचे तंतू अडकले होते. अनघाला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही.

"खांदा कसा आहे?"

"जुडला, ताई."

"खेळणार आहेस का?"

"नाही." मग म्हणाला, "कोन्या तोंडानं खेळू?"

अनघा जे माहीत होतं ते बोलली. "तुमचे बॅक उंचीला कमी आहेत. कॉर्नरवर तू नसलास तर टिकत नाहीत."

रामलालनं मान खाली घातली. आणि कोणी विचारलं नसताना तोच सांगू लागला. "पाऊस नव्हता, ताई. जोरातबी नव्हतो मी. कापसाच्या पराटीतून रोही निंघाला, घोड्याएवढं जनावर. आडवा गेला असता तं वाचवलं असतं. सरळ आला, काचेवर. एवढं मोठं तोंड त्याचं. मी डोये मिटले. बस, तेवढंच. डोये मिटले मी."

आत मानीबाईचं रडू ऐकू येत होतं. अनघा वाट पाहत बसली. आपल्याला आता काहीतरी होईल, राग येईल, हंबरडा फुटेल. शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला. तिला काहीच झालं नाही.

"बरं," ती म्हणाली. "खेळ तू."

"तुमी म्हनता?"

"हो. न खेळून काय होणार आहे?"

पोरं तांड्यामागच्या पडीक जागेत बॉल मारतच होती. रामलाल हातमोजे घालून उभा राहिला तेव्हा त्यांनी एकच गलका केला. पुंडलिकराव मानीबाईची समजूत काढत मागं राहिले होते. अनघा एकटी बांधावर उभी राहून पाहत होती. वरचे बॉल त्यानं झाडावरचं फळ तोडावं तसे काढले. कोपऱ्यातले दोन उडी मारून अडवले. मग एका पोरानं जवळून, सरळ त्याच्या अंगावर जोरात मारला. रामलालचं तोंड बाजूला वळलं, डोळे गच्च मिटले, आणि बॉल त्याच्या हातांच्या मधून गेला. पोरं हसली. पुन्हा एकानं तसाच मारला. पुन्हा तसंच.

रामलालनं बॉल आणायला वळताना बांधाकडे पाहिलं. अनघा तिथून हलली आणि एसटीची वेळ झाली म्हणून पुंडलिकरावांना बोलवायला गेली.

त्या आठवड्यात स्वानंद जेवायला आला. तो अनिमेषचा धाकटा भाऊ, दारव्ह्याच्या टीमचा कॅप्टन. भाऊ गेल्यापासून बरेचदा यायचा, बोलायचा काहीच नाही. त्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "वहिनी, आर्णीले गेलत्या म्हने तुम्ही."

"हो."

"खेळते का तो?"

"खेळतो."

स्वानंदचा जबडा चावता चावता थांबला. मग खाली पाहत त्यानं विचारलं, "कसा हाय?"

"वरचे बॉल सोडत नाही. कोपऱ्यात मारू नका, हात पोचतात त्याचे. सरळ तोंडावर मारा. जवळून, जोरात. डोळे मिटतो."

"काहून?"

"जीपवर रोही तसाच आला होता." तिनं त्याच्या ताटात वरण वाढलं. "अजून भाकर देऊ?"

स्वानंदनं ताट बाजूला सारलं. "नको," म्हणाला आणि हात धुवायला उठला.

आर्णीनं पहिला सामना जिंकला. रामलालनं पेनल्टी अडवली, असं पुंडलिकराव सांगत आले. मुकुटबननं लांब थ्रोच्या जोरावर एक सामना काढला आणि दिग्रसकडून हरले. सेमीफायनलला दारव्हा आणि आर्णी समोरासमोर आले.

सामना दुपारचा होता. बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीमागचं मैदान, एका बाजूला गोणपाटं अंथरून बायका-पोरं, दुसऱ्या बाजूला मोटारसायकलींच्या सीटवर बसलेली माणसं. यंदा गर्दी कमीच. पुष्कळांचा मुक्काम खरेदी केंद्रावरच्या गाड्यांखाली होता. अनघा पुंडलिकरावांसोबत मधल्या रेषेजवळ बसली. आर्णी मागं सरकून खेळत होती, आठ जण गोलपुढच्या पेटीसमोर. पुंडलिकराव वैतागून म्हणाले, "हे तं दिवसभर फुटत नाही."

तेवढ्यात स्वानंदला पेटीच्या तोंडाशी बॉल मिळाला. डावा कोपरा मोकळा दिसत होता. त्यानं तिकडे न मारता सरळ रामलालच्या छाताडावर मारला. रामलालची मान वळली. गोल.

लोक उठून नाचले. पुंडलिकरावही उठले, बसले. थोड्याच वेळात दुसऱ्या फॉरवर्डनं तसाच मारला. पुन्हा गोल. आता मैदानाला कळलं. मोटारसायकलींवरून कोणीतरी ओरडलं, "तोंडावर मार!" आणि मग सगळेच ओरडू लागले. "तोंडावर! तोंडावर!" रामलाल दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून उभा होता.

पुंडलिकराव ओरडत नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, तुमी सांगतलं?"

"हो."

"त्यानं आपल्याले घरात बसवून सांगतलं होतं ते."

"हो," अनघा म्हणाली.

त्यांनी टोपी घातली, उठले, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. ती ते गेलेले पाहत राहिली. शेजारचं गोणपाट रिकामं झालं. 'तोंडावर, तोंडावर' हे शब्द तिच्या कानावर पडत होते, आणि हे शब्द आपल्या स्वयंपाकघरातून निघालेत, हे तिला आत्ता कळल्यासारखं झालं. ती उठली आणि मैदानाच्या जवळच्या टोकाला गेली.

हाफटाईमनंतर आर्णीचा गोल तिच्या बाजूला आला. ती जाळीमागं जाऊन उभी राहिली. लोक वळून पाहायला लागले. ती कोण आहे हे दारव्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. मोटारसायकलींकडचा आवाज जरा कमी झाला.

"रामलाल," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना."

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "माहीत हाय, ताई. तुमी बांधावर होत्या तवाच समजलं."

"मग आलास कशाला?"

"तुमीच म्हनल्या ना, खेळ."

बॉल पलीकडे होता. दोघंही तिकडेच पाहत होते.

"मी सांगायला नको होतं," अनघा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

दारव्ह्याची पोरं पुन्हा येत होती. उजवीकडून बॉल आत आला, स्वानंदनं छातीवर घेतला आणि अगदी जवळून, सरळ मारला. रामलाल हलला नाही. डोळे उघडेच ठेवून उभा राहिला आणि बॉल त्याच्या नाकावर बसला. केवढा तरी आवाज झाला. बॉल उडून बाहेर गेला आणि तो खाली बसला. जर्सीवर रक्त ओघळलं.

शिट्टी वाजली. सगळ्यांत आधी स्वानंद त्याच्याजवळ पोचला. त्यानं स्वतःची जर्सी काढून त्याच्या नाकाला लावली आणि त्याचं डोकं मागं धरून ठेवलं. अनघा पाण्याची बाटली घेऊन गेली. तिनं ओंजळीत पाणी घेऊन रामलालच्या तोंडावर मारलं, पुन्हा मारलं. मग रामलाल उठला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. त्यानंतर 'तोंडावर' असं कोणी ओरडलं नाही.

आर्णीनं शेवटी एक गोल फेडला, पण दारव्ह्यानं सामना जिंकला. स्वानंदला खांद्यावर घ्यायला पोरं आली तर तो त्यांना चुकवून हातपंपाकडे हात धुवायला निघून गेला.

फायनलला अनघा गेली नाही. संध्याकाळी पुंडलिकराव आले. सेमीफायनलनंतर ते पहिल्यांदाच येत होते. फाटकाशी थोडे थांबले, मग आत येऊन खुर्चीवर बसले.

"दिग्रस," त्यांनी सांगितलं. "तीन-एक."

"वाटलंच होतं."

"स्वानंद बरा खेळला. पन तुमी म्हनल्या तसंच झालं, मागची जागा मोकळी होती आन् तिथं पोचनाराच कोनी नाही." ते सरसावून बसले. "पह्यला गोल कसा झाला सांगतो. त्याईचा डावा बॅक चढला. आपला हाफ त्याच्या मागं. मंग त्यानं बॉल उलटा फिरवला…"

अनघा समोरच्या दिवाणावर भिंतीला टेकून ऐकत होती. पुंडलिकराव बोटांनी हवेत बॅक दाखवत होते, हाफ दाखवत होते. दुसऱ्या गोलावर त्यांनी विचारलं, "सांगा बरं, तिथं गोलीनं बाहेर याले पायजे होतं का नाही?"

तिची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. गाढ झोप लागली होती तिला.

तिसरा गोल पुंडलिकरावांनी मनातल्या मनात पुरा केला. मग चपला हातात घेऊन बाहेर आले आणि आवाज न होऊ देता दार ओढून घेतलं.