खऱ्या आवाजासाठी रांग

नव्या लढाऊ विमानांचा आवाज कसा असेल, हे जर्मनीतल्या आल्टेनरीडच्या गावकऱ्यांना ऐकवण्याचे काम धम्मदीपाकडे आले होते. विमाने अजून आलेली नव्हती. गावाबाहेरच्या लष्करी धावपट्टीवरची जुनी विमाने जाऊन त्यांच्या जागी ती यायची होती, आणि ती आल्यावर पाखरांचे, ओढ्याचे, माणसांच्या झोपेचे काय होईल, याची जाहीर सुनावणी त्या दिवशी गावाच्या सभागृहात भरली होती. जे अजून घडलेले नाही त्याचा आवाज आज घडवायचा, ही धम्मदीपाची विद्या. त्या विद्येपायी ती नागपूरहून येनाच्या विद्यापीठात आली, आणि तिथून एर्लांगेनच्या एका सल्लागार कंपनीत.

या एका आवाजावर तिने अख्खा हिवाळा खर्च केला होता. ही विमाने जिथे आधीपासून उडतात अशा तळाजवळ तिने कृत्रिम डोके उभे केले, त्याच्या रबरी कानांत मायक्रोफोन बसवले आणि आकाश फाटताना नोंदवून घेतले. मग या गावाच्या टेकड्या, उतरती छपरे, चर्चची भिंत, सगळे गणितात घालून तिने तो आवाज बालवाडीच्या अंगणात आणून उभा केला. पूर्ण पातळीवर तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिचा चहा मांडीवर सांडला होता. भीती मोठ्या आवाजाची नव्हती. तो आवाज कुठून येतच नाही, तो एकाएकी असतो, याची होती.

आणि आज त्याच्यावर गावाचा निर्णय अडला होता. गावचा बुर्गरमाइस्टर, म्हणजे आपल्याकडचा सरपंचच म्हणा, मागणी घेऊन बसला होता की सकाळची उड्डाणे बालवाडीवरून नेऊ नका, मार्ग वळवा. मार्ग वळवणे लष्कराला, म्हणजे कंपनीला काम देणाऱ्याला, जड जात होते. शेवटी ठरले ते असे: गावाने आधी आवाज ऐकावा, आणि मागणी ठेवायची की मागे घ्यायची, ते सुनावणी संपण्यापूर्वी सांगावे. त्यानंतर दार बंद.

"मी सगळं तपासलंय, तू फक्त केबल जोड," शिरीष सर सकाळी म्हणाले होते. शिरीष केतकर तिचे वरिष्ठ. पुण्याचे, वीस वर्षे जर्मनीत मुरलेले. कंपनीत मराठीतून रागावणारे आणि मराठीतूनच शाबासकी देणारे ते एकटेच. 'आकडे नंतर बघ गं, आधी ऐक,' हे त्यांनीच तिला शिकवले होते. म्हणून तिने केबल जोडली, एक साधी शीळ वाजवून पाहिली आणि विश्वासाने बसून राहिली.

दुपारी सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी खूण केली. धम्मदीपाने बटण दाबले.

प्रथम चिमण्या, दूरचा रस्ता, अंगणातला झोका. मग तो आला. आणि ज्या क्षणी त्याने छप्पर उचलून न्यायचे, त्या क्षणी कोणीतरी उशी दाबावी तसा तो दबला. एक जाडसर घरघर सभागृहावरून सरकत गेली आणि विरली. धम्मदीपाने चमकून फेडरकडे, आवाज कमी-जास्त करणाऱ्या खटक्याकडे पाहिले. तो जिथे हवा तिथेच होता. मग तिची नजर भिंतीवर गेली. दाराशेजारच्या राखाडी पेटीवर लाल दिवा लुकलुकत होता.

"संपलं? एवढंच?" मागून एक जाड आवाज आला. "माझा ट्रॅक्टर याहून जास्त बोंबलतो."

"ट्रॅक्टर नव्हे रे, तू बोंबलतोस!"

सभागृह हसले. गेले वर्षभर धास्तावलेली माणसे एकमेकांच्या खांद्यावर थापा मारू लागली. कोणी टाळ्यादेखील वाजवल्या. आपण या माणसांना एक खोटे विमान दाखवले, आणि ती आपल्यासाठी टाळ्या वाजवताहेत!

ती शेजारी झुकली. "सर, आवाज कापला गेला. भिंतीत लिमिटर आहे. ठरावीक पातळीच्या वर काही जाऊच देत नाही तो."

"हळू बोल."

"मराठी कुणाला कळतंय इथे! सर, त्यांनी काहीच ऐकलेलं नाही."

"ठाऊक आहे मला."

तिला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "काय ठाऊक आहे?"

"लिमिटर. मागच्या आठवड्यात हॉल बघायला आलो होतो ना, तेव्हा इथल्या हाउसमाइस्टरनं, रखवालदारानं दाखवला. इथं लग्नाचे बँड वाजायचे, समोरच्या घरातून तक्रार आली, मग गावानंच बसवून घेतला." शिरीष सरांची नजर मंचावर होती आणि चेहऱ्यावर सभेतले हसू तसेच होते. "आल्झो, हे बघ, आपल्या स्लाइडवर खाली लिहिलंय, 'ध्वनी सूचक स्वरूपाचा आहे.' कायद्याला तेवढं पुरतं."

"आणि लोकांना?"

"धम्मदीपा, तुझी प्रोबेत्साइट अजून चालू आहे. नोकरी पक्की होऊ दे आधी. हे मी बॉस म्हणून नाही, मोठा भाऊ म्हणून सांगतोय."

ज्या माणसाने ऐकायला शिकवले तोच हे बोलत होता, आणि तेही आईच्या भाषेत, घरच्यासारखे. एखादी ओळखीची खोली उघडावी आणि आत जमीनच नसावी, तसे तिला झाले.

मंचावर बुर्गरमाइस्टर उठला होता. त्याच्या खांद्यांवरचे ओझे उतरल्याचे लांबूनही दिसत होते. "आम्ही ऐकले," तो म्हणाला. "खरे सांगायचे तर आम्ही याहून वाईटाची तयारी ठेवली होती. तेव्हा गावाच्या वतीने मी..."

"एक मिनिट." तिसऱ्या रांगेतून बालवाडीच्या प्रमुख फ्राऊ ह्योल्त्सल उभ्या राहिल्या. साठीच्या, आखूड केसांच्या, हातावर रंगाचे सुकलेले डाग. "मला एकच विचारायचे आहे. आमच्या अंगणात तो असाच येईल? एवढाच?"

शिरीष सरांनी मायक्रोफोन जवळ ओढला. "गेनाऊ, बरोबर. सर्वसाधारणपणे असाच."

"नाईन," धम्मदीपा म्हणाली.

मायक्रोफोनची गरज पडली नाही. सगळी डोकी वळली. शिरीष सरांनी टेबलाखालून तिचे मनगट धरले. ते सोडवून घेत ती उभी राहिली.

"नाही. असा येणार नाही. त्या पेटीने आवाज दाबला. खरा आवाज या सभागृहात वाजवताच येत नाही."

"आपण कोण?" अध्यक्षबाईंनी कागद चाळले. "वक्त्यांत आपले नाव नाही."

"धम्मदीपा गजभिये. तो आवाज मी बनवला आहे."

बुर्गरमाइस्टरने पेटीकडे पाहिले आणि त्याची मान हळूहळू लाल होत गेली. त्या पेटीच्या खरेदीला मंजुरी त्यानेच दिली होती. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "तक्रार मीच केली होती," त्या चाचरत म्हणाल्या. "पण ती ट्रम्पेटसाठी."

कोणी हसले नाही.

"केतकरसाहेब, या म्हणतात ते खरे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारले. शिरीष सर पेल्यातल्या पाण्याकडे पाहत राहिले.

धम्मदीपाने पिशवीतून हेडफोन काढला. "यातून ऐकता येईल. एका वेळी एकालाच. काहीच सेकंद. सहन झाले नाही तर काढून टाका."

फ्राऊ ह्योल्त्सल पुढे आल्या. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हेडफोन कानांवर बसवला आणि मान हलवली.

सभागृहाला काहीच ऐकू येत नव्हते. त्याला दिसत होता फक्त एक चेहरा, आणि तो चिमण्या ऐकत होता. ओठांच्या कडेला किंचित हसूही होते. मग एकाएकी तो चेहरा पुसला गेला. बाईंचे हात उसळले, पण वर गेले नाहीत, स्वतःच्या कानांकडे गेले नाहीत. ते खाली गेले. दोन्ही बाजूंना, कमरेच्या जरा वर, पंजे वाटीसारखे वळवून ते हवेत घट्ट थांबले. चार वर्षांच्या मुलाचे डोके जिथे असते, बरोबर तिथे.

ती मुले तिथे नव्हती. पण त्या दोन रिकाम्या जागा सभागृहातल्या प्रत्येकाला दिसल्या.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "येतोय असं कळतच नाही," त्या शेवटी पुटपुटल्या. "हाक मारायलाही वेळ नाही."

मग कोणी न सांगता रांग लागली. खुर्च्या सरकल्या, माणसे भिंतीकडेने टेबलापर्यंत येऊन उभी राहिली. देवळात राहावे तशी गप्प. ट्रॅक्टरवाल्याने अर्ध्यातच हेडफोन ओरबाडून काढला आणि तो मंचाच्या पायरीवर बसला. मघाशी त्याची चेष्टा करणाऱ्यानेच त्याला पाणी आणून दिले. ज्याने ऐकले तो जागेवर परतत नव्हता, रांगेतल्यांचे चेहरे बघत थांबत होता. ऐकणारा दचकला की ऐकून झालेलेही त्याच्याबरोबर दचकत. तो आवाज गावात शिरला होता, आणि तरीही सभागृहात टाचणी पडली असती तर वाजली असती.

बुर्गरमाइस्टरने डोळे मिटून ऐकले. उघडले तेव्हा ते ओले होते. दुःखाने की संतापाने, ते त्यालाही सांगता आले नसते.

"लिहून घ्या," तो अध्यक्षबाईंना म्हणाला. "गाव मागणी मागे घेत नाही. आणि आम्हाला आधी काय ऐकवण्यात आले, तेही लिहा."

शिरीष सर कागद आवरत होते, फार नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. तिला त्यांची कीव आली. ही माणसे आलेखांवरच जगतात, तिने मनात त्यांची बाजू घेतली. आपल्या फाइलमधल्या वक्ररेषा त्यांनी पाहिल्या असतील, आवाज कुठला ऐकलाय. नुसता ऐकला असता तर असे वागलेच नसते. तिने हेडफोन त्यांच्यापुढे धरला.

"सर, एकदा ऐका. मग मला काय बोलायचं ते बोला."

"मी ऐकलाय."

"हा नाही. पूर्ण पातळीवरचा."

"तोच. तू फाइल पाठवलीस त्याच दिवशी." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती. फक्त एक जुना थकवा होता. "केबिनमध्ये, एकटाच होतो."

"मग?"

"मग हेडफोन काढला, उठलो, खिडकी लावून घेतली," ते म्हणाले. "आणि अहवालावर सही केली."

रांगेतला पुढचा माणूस हात पुढे करून उभा होता. तो दिसायला धम्मदीपाला बराच वेळ लागला.