टोक उलटं आहे!

मी सीडी प्लेअर बोलतोय. हातात मावणारा, गोल झाकणाचा, एका कोपऱ्याला थोडा खरचटलेला. आता हे असलं काही कोण वापरतं, असं तुमच्या मनात आलंच असेल. येऊ द्या. मला सवय आहे. पण ज्या घरात मी राहतो तिथे येऊन माझ्याबद्दल असं बोलून दाखवा, मग बघा घरातली बाई तुमचा कसा समाचार घेते ते!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर आम्ही शेकडो भावंडं ओळीने पडलो होतो. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्यात सीडी घातली, बटण दाबलं, दोन क्षण मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. त्या खोक्यात माझ्या शेजारी माझा अडॅप्टर होता. काळा, जाडजूड, अबोल. पण आमचं जमायचं छान. त्याच्या वायरीचं टोक माझ्या भोकात बसलं की अंगात कसं बळ यायचं!

माझा पहिला मालक कॉलेजात जाणारा तरुण होता. मला कमरेला लावून पळायचा आणि गाणं अडखळलं की मलाच शिव्या द्यायचा. अरे बाबा, तू खड्ड्यांतून उड्या मारतोस आणि मी सुरात राहू? तरी मी त्याची हौस पुरवली. मग त्याच्याकडे माझ्याहून लहान, माझ्याहून चपळ यंत्रं आली आणि माझी रवानगी खणात झाली. बरं, ठेवताना पोटातले सेल तरी काढायचे! ते आतच सडले, त्यांचं पाणी झालं आणि माझ्या स्प्रिंगा हिरव्या पडून गंजल्या. तेव्हापासून सेलवर जगणं माझ्या नशिबी उरलं नाही. माझा अडॅप्टर तर कधी, कुठल्या खोक्यातून, कोणाकडे गेला ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्याची आठवण मात्र येते.

पुढे मी जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. तिथे इस्त्र्या आणि बंद घड्याळांच्या मधोमध बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत होतो. लोक मला उचलायचे, हसायचे, "अगं बाई, हे आठवतं का?" म्हणायचे आणि परत ठेवायचे. आठवणी काढायला सगळे, घरी न्यायला कोणी नाही.

एक दिवस एक तरुणी आली आणि थेट म्हणाली, "सीडी वाजते का याच्यात? खरंच वाजते?"

दुकानदाराने त्याच्या टेबलावरचा अडॅप्टर मला लावला. मी असा काही वाजलो की शेजारच्या इस्त्र्यासुद्धा दचकल्या असतील. तिचे डोळे भरून आले. मला तेव्हा वाटलं, माझ्या आवाजाने भरून आले. मी जरा आढ्यतेखोर आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

"आणि अडॅप्टर?" तिने विचारलं.

"तो दुकानाचा आहे, ताई. घरात बघा, कुठलाही चालेल."

कुठलाही चालेल! माझ्या सगळ्या हालांचं मूळ त्या दोन शब्दांत आहे.

ती मला घेऊन गेली ती तिच्या आईवडिलांच्या घरी. खिडकीजवळ पलंगावर तिचे वडील बसले होते. आयुष्यभर एका वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवलेला माणूस. मेंदूत गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द तेवढा ओठांवर यायचा नाही. काही महिने त्यांनी धडपड केली. मग हळूहळू तीही सोडली. मी आलो तेव्हा ते दिवसातला बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसत.

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम येत असत. त्यांनी लेकीला सांगितलं होतं, "बोलणं अडतं तिथे कधीकधी गाणं वाट काढतं. यांच्या ओळखीची, यांनीच वाजवलेली गाणी लावा आणि सोबत गुणगुणू द्या. पण लवकर करा. माणसाने एकदा मनातून हात टेकले की पुढे कठीण जातं." लेकीने कपाट उपसून वाद्यवृंदाची एक सीडी शोधली. त्यात वडिलांचा कीबोर्ड होता, त्यांचा आवाजही होता. पण घरात ती वाजवायला काही नव्हतं. लॅपटॉपला तर ती घालायला जागाच नव्हती. म्हणून मी आलो होतो. दुकानात तिच्या डोळ्यांत आलेलं ते पाणी कशाचं होतं ते मला तेव्हा उमगलं आणि माझी आढ्यता जराशी उतरली.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती खास आईंसाठी. "ते बोलू पाहतात तेव्हा तुम्ही वाक्य पुरं करू नका. थांबा." आता हे त्या बाईंना सांगणं म्हणजे वाऱ्याला बस म्हणण्यासारखं होतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याची वाक्यं त्याच पुऱ्या करत आल्या होत्या. नवऱ्याने नुसतं "मला जरा..." म्हटलं की यांचं "चहा ना? ठेवलाय" तयार. तब्येत चांगली होती तेव्हा तो संसारातला विनोद होता. आता मात्र त्या माणसाच्या ओठांवर काही जमू लागलं की ते जमायच्या आत समोर चहाचा कप हजर व्हायचा.

मला टेबलावर ठेवल्यावर पुढे सरसावले ते जावई. विमा कंपनीत नोकरी, पण जीव वायरींत अडकलेला. ते घरून बुटांचं एक खोकं घेऊन आले. त्यात आजवर बिघडलेल्या प्रत्येक वस्तूचा अडॅप्टर होता.

"किती वर्षं सगळे हसताय या खोक्याला," ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना, कधीतरी लागेल!"

एकेक टोक माझ्या भोकात घालून बघणं सुरू झालं. कुठलं जाड, कुठलं बारीक, कुठलं आत जाऊन हरवल्यासारखं डुगडुगणारं. शेवटी एक चपखल बसलं. जावयांनी विजयी मुद्रेने बटण दाबलं. मी ढिम्म!

यात माझा काय दोष? माझ्या भोकाशेजारी एक बारीकसं चित्र छापलेलं आहे. मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे. मला आतून उणे लागतं, बाहेरून अधिक. खोक्यातले सगळे अडॅप्टर नेमके याच्या उलटे. टोक बसलं म्हणून नातं जुळलं असं होतं का? माझ्या आत उलटी वीज अडवणारा एक चिमुकला भाग आहे, त्याच्या कृपेने मी जळलो नाही एवढंच. पण मी सांगणार कसा? मला बोलायला आधी वीज लागते.

आणि त्याच वेळी माझं लक्ष पलंगाकडे गेलं. भिंतीकडचं तोंड वळलं होतं. ते माझ्याकडे, त्या टोकाकडे टक लावून बघत होते. त्यांना कळलं होतं! मागे एकदा भर कार्यक्रमात कोणीतरी त्यांच्या कीबोर्डला उलटा अडॅप्टर लावला होता आणि रंगमंचावर धूर निघाला होता, हे मला नंतर कळलं. हे दुखणं ते विसरणं शक्यच नव्हतं. त्यांनी डावा हात उचलला आणि पालथा पंजा उलटा करून दाखवला. पुन्हा दाखवला.

"उशी उलटायची?" आईंनी उशी उलटली.

"सीडी उलटी घातली का मी?" लेकीने सीडी उलटली.

"प्लेअर!" जावई म्हणाले आणि मलाच पालथा घातला.

घरातलं जे जे उलटता येईल ते ते उलटून झालं, फक्त वीज तेवढी राहिली. मग आईंनी चहा आणला. ते एकदा माझ्याकडे बघून, डोळे मिटून, पुन्हा भिंतीकडे वळले. त्या खोलीत दोघे मुके होतो, दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती आणि दोघांचा काही उपयोग नव्हता. मला फार वाईट वाटलं.

जावयांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांनी कापसाने माझं भोक पुसलं, वायरी हलवून बघितल्या, पोटातल्या गंजलेल्या स्प्रिंगा पाहून हळहळले. आणि एका रविवारी सकाळी ऑफिसातल्या मित्राकडून एक जादूचा अडॅप्टर घेऊन आले. त्याचं टोक काढता-घालता येत होतं आणि अंगावर सरकवायचं बटण होतं, तीन व्होल्टपासून बारापर्यंत.

"आज नाही चालला तर देऊन टाकू भंगारात," लेक थकून म्हणाली. "मॅडमना सांगते, नाही जमलं."

जावयांनी माझ्या अंगावरचा आकडा मोठ्याने वाचत बटण साडेचारवर ठेवलं. तोच माझा आकडा! पण टोक पुन्हा उलटंच. मी गप्प.

"जोर कमी पडतोय," जावई म्हणाले. सहा. मी गप्प. नऊ. माझ्या आतला तो चिमुकला पहारेकरी चटके खाऊ लागला. "एकदा बाराचा झटका देऊन बघू."

संपलं, मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. वडिलांनी डाव्या हाताने पलंगाजवळचं स्टूल उडवलं होतं. पेला घरंगळत गेला. ते भिंतीकडे नाही, सरळ जावयांकडे बघत होते. ओठ काहीतरी जुळवू पाहत होते.

"पाणी हवंय? की चहा..." आईंनी सुरुवात केली आणि एकदम स्वतःच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात! आयुष्यात पहिल्यांदा ती बाई थांबली.



"उ... उ..." शब्द गळ्यात येऊन परत जात होता. आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात तोंडावरच. मग वडिलांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलू लागली. सूर लागावा तशी बोटं पडत होती. घशातून एक गुणगुण निघाली, चढली, आणि तिच्यावर बसून शब्द बाहेर आला.

"उल... टं."

"पुन्हा पालथा घालू?" जावयांनी मला उचललं.

"जावईबापू, थांबा हो जरा!" आई बोटांच्या फटीतून ओरडल्या.

वडिलांनी पुन्हा बोटं टाकली आणि गाऊन, चक्क गाऊन सांगितलं, "टो...क. टोक उल...टं."

जावयांनी अडॅप्टर डोळ्यांजवळ नेला. मग माझ्या अंगावरचं चित्र पाहिलं. मग कपाळावर हात मारला. टोक उपटलं, फिरवलं, परत बसवलं. बटण अजून नऊवरच होतं.

"साडे... चा...र!" पलंगावरून तान आली.

साडेचार! टोक आत गेलं आणि माझ्या अंगातून ओळखीची ऊब धावली. दिवा लागला. सीडी फिरली. आणि मी गायलो, मंडळी! इतक्या वर्षांची कसर भरून काढली. कीबोर्डचे सूर खोलीभर पसरले, त्यावर त्यांचाच तरुण आवाज आला आणि पलंगावरचा म्हातारा आवाज अडखळत त्याच्यात मिसळला. कधी मागे पडला, कधी सुरावरून घसरला, पण थांबला नाही. लेक त्यांच्या पायाशी बसून रडत हसत होती. जावई बुटांचं खोकं उराशी धरून उभे होते. मी जिंकलो होतो, आम्ही दोघेही जिंकलो होतो, आणि एकदाही अडखळलो नाही याचा मला आजही अभिमान आहे.

"बोलले!" आईंनी शेवटी तोंडावरचे हात काढले. "आणि इतक्या महिन्यांनी पहिला शब्द काय, तर म्हणे उलटं! इथे मी रात्रंदिवस उभी आहे, तिचं काही नाही!"

आता मी खिडकीत राहतो. माझ्या नव्या अडॅप्टरच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, कोणी पुन्हा फिरवू नये म्हणून. ती वडिलांनीच, डाव्या हाताने, दातांनी तोडून लावली. मी रोज वाजतो. ओळीओळीने गाणी परत येताहेत, आणि गाण्यांतून सुटे शब्दही.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. तुमच्या खणात माझा एखादा भाऊ पडला असेल तर त्याच्या पोटातले सेल आधी काढा, आणि 'कुठलाही चालेल' असं त्याच्याबाबत कधी म्हणू नका. भोकाशेजारचं चित्र बारीक असतं, पण दिसतं.

परवाचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. गाणं ऐन रंगात असताना वडिलांनी हात लांबवून माझं बटण दाबलं. मी चिडलोच होतो. खोली शांत झाली. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून, सुराचा कसलाही आधार न घेता, स्वच्छ हाक मारली.

"अगं..."

आतली भांडी वाजायची थांबली. आई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या ओठांवर वाक्य पुरं करायला काय काय आलं असेल, कोण जाणे. पण त्यांनी ते गिळलं आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने पुढचा शब्द आला.

"चहा."

आई इतक्या हसल्या की त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. मग त्या चहा ठेवायला गेल्या आणि वडिलांनी पुन्हा माझं बटण दाबलं.