मंतरलेलं मांस आणि रिकामी बादली

मालकहो, मैदान तुम्ही दिलंत, मांडव तुमचा, माइकही तुमचाच. मग मंत्राने कुत्री बरी करतो म्हणणाऱ्या ब्रदर लायलच्या पापातून तुम्ही तेवढे सुटे कसे?

ॲरिझोनातल्या त्या जत्रेच्या मैदानावर दर रविवारी माणसं आजारी कुत्री आणि सोबत पाण्याची बादली घेऊन येत. बादलीची आज्ञा लायलचीच. इथल्या धुळीत एक बुरशी असते. कुत्रं माती उकरतं, हुंगतं आणि कधीकधी ती बुरशी थेट मेंदू गाठते. ओफेलिया नावाच्या बाईच्या कुत्र्याचं, चातोचं, तेच झालं. मान वाकडी, चालताना झोकांड्या. डॉक्टर हॅस्केलबाईंनी एमआरआय काढून मेंदूतली गाठ दाखवली, औषध सुरू केलं. दुसऱ्या एमआरआयमध्ये गाठ लहान झाली होती. पण चाल काही सुधारेना, आणि ओफेलियाचा धीर सुटला.

ती चातोला लायलकडे घेऊन आली. त्याने आधी औषध बंद करायला लावलं. देवाला भागीदार चालत नाही म्हणे. मग रोज एक याप्रमाणे मंतरलेल्या सुक्या मांसाच्या पट्ट्या दिल्या. दोन-तीन दिवसांत चातो धावायला लागला. मैदानावर त्याने अख्खी बादली रिकामी केली आणि मांडवाचा खांब न् खांब भिजवला.

"विष वाहून चाललंय, ताई," लायल माइकवरून म्हणाला. लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

ओफेलिया मात्र विचारात पडली. दम्यासाठी स्टेरॉइड घेताना तिलाही अशीच तहान लागायची, अशीच खा-खा सुटायची. उरलेल्या पट्ट्या घेऊन ती दवाखान्यात गेली. तपासणीत पट्ट्यांत स्टेरॉइडच निघालं.

"याने मेंदूची सूज उतरते, म्हणून कुत्रं धावतं," हॅस्केलबाई म्हणाल्या. "पण अंगातली झुंजायची ताकद जाते. बुरशीला रान मोकळं."

तिसऱ्या एमआरआयमध्ये गाठ पहिल्याहून मोठी होती.

पुढच्या रविवारी ओफेलिया तिन्ही चित्रं घेऊन माइकपाशी उभी राहिली. पट्टीत काय निघालं ते तिने सांगितलं. मग लायलकडे वळली.

"बरं केलेलं एक कुत्रं द्या. एमआरआय आम्ही काढतो."

"देवाच्या करणीचा फोटो काढत नसतात, बाई."

"देवाचा नकोच. कुत्र्याच्या डोक्याचा काढू."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात म्हातारा रँडॉल उठला. त्याची डेझीही अशीच धावली होती आणि महिन्याभरात मेली होती. तुझी श्रद्धा कमी पडली, असं त्यालाच ऐकवलं गेलं होतं.

"माझ्या डेझीला काय चारलंस?" त्याने विचारलं.

लायलने तोंड उघडायच्या आत माइक बंद पडला.

चातोचं औषध पुन्हा सुरू आहे. तो जगेल का, हे पुढचा एमआरआय सांगेल, कोणाचा मंत्र नाही. लोकहो, रोग डोक्याच्या आत आहे. धावणाऱ्या पायांवर भुलू नका, आत बघा.

आणि मैदानाचे मालकहो, माइक कोणी बंद केला? रँडॉल अजून उभाच आहे. त्याला उत्तर द्या.