गालावरचा वारा

सिदूनं शेवटची मेढ रोवली, तिला दोरीचे दोन वेढे दिले आणि ओढून पाहिली. घराच्या दारापासून खळ्यापर्यंत अडीचशे पावलांची दोरी कमरेच्या उंचीला ताणून उभी राहिली. त्याची आई, बनाबाई, दारात बसून ही ठोकाठोक ऐकत होती. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गिळले होते. उजेड आणि अंधार एवढंच काय ते तिला कळायचं.

“लोक हसतील,” ती म्हणाली. “म्हणतील, बनाबाईनं सोताच्या हातानं दावं बांधून घेतलं.”

“हसू दे. पर उद्यापासनं दोरी धरूनच येत जा.”

तिनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. गावात उपणणीला, वाऱ्यावर भूस उडवून दाणे वेगळे करण्यात, बनाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. फाल्गुन लागला की दुपारी मावळतीकडून वारा येतो, आणि येतोच. त्याच्या भरवशावर तिनं तीस वर्षं गावाच्या राशी केल्या. डोळे गेल्यावर वाटही तिनं त्याच्यावरच सोपवली. दक्षिणेला शेताकडं जाताना वारा उजव्या गालावर ठेवायचा, परतताना डाव्या. सिदू लहान असताना त्याचे डोळे पदरानं बांधून तिनं ही विद्या त्यालाही शिकवली होती. तेव्हा त्याला तो खेळ वाटला होता.

पुढं सिदू शिकला, हवामान खात्यात चिकटला, आणि लहानपणी जवळच्या अणदूर गावापलीकडं फारसा न गेलेला हा माणूस थेट दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर जाऊन पोचला. चौदा महिने तो तिथल्या तळावर वारा मोजत होता. परत येऊन आठवडा झाला होता. गावानं बर्फाचं विचारलं, पक्ष्यांचं विचारलं, तो सगळं हौसेनं सांगायचा. एक गोष्ट मात्र त्यानं पोटातच ठेवली होती. दोरी त्या गोष्टीपायी बांधली होती.

वाटेच्या उगवतीला, वीसेक पावलांवर, एक विहीर होती. बहात्तरच्या दुष्काळात गावानं खोदलेली. चाळीस फूट गेले तरी पाणी लागलं नाही, मग कठडा बांधायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आता सत्त्याऐंशी साल उजाडलं होतं, पुन्हा दुष्काळच होता, आणि विहीर तशीच आ वासून पडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिदू खळ्यावर उंच तिवईवर उभा राहून ज्वारी उपणत होता. शेजारची रजियाबी खालून पाट्या भरून देत होती. पीक बेताचंच होतं, पण वारा चांगला होता. दाणे सरळ पायाशी पडत होते आणि भूस उगवतीला उडत होतं. पाच-सहा पाट्या झाल्यावर रजियाबी डोळे चोळत बाजूला झाली. भूस तिच्या तोंडावर येत होतं. ती गावाच्या बाजूला, उत्तरेला उभी होती.

सिदूचा हात हवेतच थांबला. वारा दक्षिणेचा झाला होता.

त्यानं वाटेकडं पाहिलं. बनाबाई डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन निघालेली होती. दोरी तिच्या उजव्या अंगाला बरीच लांब राहिली होती. मान ताठ ठेवून, एक हात हलवत, रोजच्यासारखी झपझप ती येत होती. वारा तिच्या उजव्या गालावरच होता. म्हणजे तिचं तोंड उगवतीला वळलं होतं. ती सरळ विहिरीवर चालली होती.

तो तिवईवरूनच ओरडला.

“माय, थांब. पाऊल उचलू नको.”

वारा त्याच्याकडून तिच्याकडं वाहत होता, म्हणून ऐकू गेलं. ती थांबली. पाटी टाकून, दाणे तुडवत तो धावला. जवळ पोचला तेव्हा विहिरीचा काठ तिच्यापासून चार पावलांवर होता. त्यानं तिला धरून मागं ओढलं आणि तिच्यासकट मातीत बसला. 

तिनं विचारलं, “वारं कवा फिरलं?”

“आत्ता. हळूहळू फिरलं.”

“गालाला तर तसंच लागत हुतं,” ती म्हणाली, आणि उजव्या गालावरून हात फिरवत राहिली.

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. तिकडं बर्फाच्या उंचवट्यावरून वारा खाली घसरतो, महिनोन्महिने एकाच अंगानं. तळापासून मोजायच्या यंत्रापर्यंत दोरी बांधलेली असते आणि ती सोडायची नाही असा नियम असतो. एका दिवशी बर्फाचं वादळ उठलं, आपलाच हात आपल्याला दिसेना. दोरी गोठून काच झाली होती. त्यानं ती सोडली आणि आईची विद्या धरली. डाव्या गालावर वारा ठेवून तासभर चालला. वारा फिरला होता. सोबत्यांनी त्याला गाठलं तेव्हा तो समुद्राच्या वाटेला लागला होता.

शेजारच्या रशियन तळावर एक म्हातारा पंचवीस वर्षं वारा लिहीत होता. दुनिया तापत चालली असेल तर तिथल्या दर्यावरून बर्फाभोवती फिरणारा वारा आपली वाट सोडून ध्रुवाकडं सरकेल, आणि तो सरकू लागलाय, अशी त्याला शंका होती. छातीठोक मात्र तो सांगत नव्हता.

“आन् आपलं वारं?” बनाबाईनं विचारलं.

फाल्गुनात एखादा दिवस वारा फिरतोच, एका दिवसावरून काही ठरत नाही, हे सिदू नोकरीत शिकला होता. तेच सांगायला त्यानं तोंड उघडलं.

“ठाऊक न्हाय, माय,” तो म्हणाला.

“परत जानार हाईस न्हवं तिकडं?”

“नाव दिलंय.”

ती पदरावरची माती झटकू लागली. त्यानं तिला उठवलं, दोरीपाशी नेलं आणि तिचा हात दोरीवर ठेवला. ती घराकडं चालू लागली. दहा पावलं गेल्यावर थांबली.

“तू बी धर.”

“मला दिसतंय की, माय.”

“तवाबी डोळं हुतंच तुला.”

सिदूनं निमूट दोरी धरली. भर उन्हात, दोन्ही डोळे धड असताना, तो आईच्या मागं एकेक मेढ चाचपत चालला. बनाबाईनं मोकळ्या हातानं पदर ओढून दोन्ही गाल झाकून घेतले होते.