मागचे दोन दोर

"हात नाही लावायचा! आधी हात मागे घे," सासरेबुवा सुकाणूवरून ओरडले.

"अहो बाबा, लावला कुठे? दोर नीट गुंडाळत होतो."

"गुंडाळायचाही नाही. तू बोटीवर नाहीसच."

नाहीच म्हणे! सकाळी माकडासारखा डोलकाठीवर चढून ज्याने हे दोन्ही दोर बसवले, तो मी नाहीच. लोकांच्या शिडाच्या बोटींचं दोरकाम करण्यात माझा जन्म गेला, पण असलं गिऱ्हाईक पाहिलं नाही. त्यात सासरा. बोलायची सोय नाही.

हे दोर डोलकाठीला मागून आवळून धरतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूचा ताणायचा आणि दुसरा सोडायचा. बोट वळली की उलट. सोडायचा विसरला, तर शिडाखालचा आडवा दांडा फिरून त्याच्यावर आदळतो, एखाद्या वेळी डोलकाठीच खाली येते. तीस वर्षं बाबा ताणायचे आणि सासूबाई सोडायच्या. दर उन्हाळ्यात दोघं दोन दिवसांवरच्या बेटावर जायची. सासूबाई गेल्या, आणि आता यांना तिथे एकट्याने जायचंय. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर! बायकोने मला बजावलं होतं, "तुम्हीच काय ते सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत." जसं काही माझं ऐकतात!

शेवटी त्यांनीच पैज लावली. खाडीत दहा वळणं, एकट्याने. जमली तर मुलीची समजूत मी घालायची. नाही जमली तर ते पुन्हा बेटाचं नाव काढणार नाहीत.

"त्यापेक्षा मीच येतो ना बरोबर," मी म्हटलं होतं.

"तू? बादली घेऊन?"

खरंय ते. धक्का सुटला की मला बोट लागते.

पाच वळणं झाली, सहा झाली. म्हातारा घामाघूम, पण हट्ट सोडेल तर शपथ! सुकाणू गुडघ्याने दाबून धरायचं, एक दोर सोडायचा, लगबगीने पलीकडे जाऊन दुसरा ताणायचा. मला संताप येत होता आणि, खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटत होतं. आठ. नऊ.

दहाव्या वळणाला त्यांनी वारा पाठीवर घेतला. दांडा मध्यावर आला, त्यांनी उजवा दोर करकचून ताणला आणि हुश्श करून बसले. डावा तसाच ताठ! आणि समोर बघत, मान न वळवता, त्यांनी नेहमीच्या सवयीने विचारलं,

"सोडलास ना गं?"

मी झडप घालून डावा दोर सोडला. दांडा सुंकन माझ्या डोक्यावरून गेला.

मग मीच म्हटलं, "झाली की दहा. सांगतो मी तिला, जमतंय म्हणून."

"हात लावलास तू."

"अहो, एवढ्याने काय होतंय?"

"लावलास."

धक्क्याला लागल्यावर ते दोर आवरायला उठले. काम झालं की हे दोर पुढे आणून डोलकाठीच्या बाजूच्या तारेला बांधून ठेवायचे, नाहीतर वाऱ्यावर आपटत राहतात. बांधताना सुरगाठ मारायची, एका हिसक्यात सुटली पाहिजे. हे मला यांनीच शिकवलं, तेव्हा मी जावईही नव्हतो. सुरगाठ म्हणजे उद्या पुन्हा निघायचं, असं सांगायचे.

त्यांनी डावा दोर तारेला धरला, दोन वेढे दिले आणि निरगाठ मारली. वर आणखी एक. ओढून ओढून घट्ट केली.

"बाबा, अहो ही सुटायची नाही."

"माहितेय मला."

माझं डोकंच फिरलं. दिवसभर माझा जीव काढला, आणि आता हे! "अहो, पुढच्या आठवड्यात परत करून बघू. मी गप्प बसतो. हात बांधून बसतो हवं तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसता मागे हात केला.

"आता लाव हात. दुसरा दोर दे इकडे."

मी दिला.